आडनाव सोडा, घर धरा : वेल्श माणसांची चरित्रं लिहिताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. दिवाळी अंकासाठी तुम्हाला वेल्समधल्या दहा माणसांची छोटी चरित्रं लिहायची आहेत : तीन कवी, तीन धर्मोपदेशक, दोन गायक आणि गावगाड्यातली दोन माणसं. वाचायला बसलात तर सगळेच जोन्स, इव्हान्स नाहीतर विल्यम्स. एकाच माणसाच्या दोन-दोन कथा. जुनी पुस्तकं तर अशी भक्तिभावाने लिहिलेली की त्यात माणूस सापडत नाही. कोणाला घ्यावं आणि कशावर विश्वास ठेवावा, असं तुम्ही विचारलंत.

मी पंचवीस वर्षं चरित्रकोशांच्या नोंदी लिहिते आणि तपासते. त्यातली बारा वर्षं वेल्श नोंदींत गेली, आणि त्यापायी ती भाषाही अर्धीमुर्धी शिकले. सगळ्यात आधी सांगायचं ते हे की तीन-तीन-दोन-दोनचे ते कप्पे मोडा. तिकडे ते टिकत नाहीत.

क्रानॉगवेनचंच बघा. मूळ नाव सारा जेन रीस. जन्म १८३९ चा, पश्चिम किनाऱ्यावरच्या ल्लानग्रानॉग गावाजवळ, डॉलगॉय-वाख नावाच्या घरात. वडील लहानशा मालवाहू जहाजाचे कप्तान. मुलीला शिवणकाम शिकायला धाडलं, तिचं मन लागेना. वडिलांच्या मागे लागून ती जहाजावरच गेली आणि दोन-तीन वर्षं किनारपट्टीने हिंडली. मग लिव्हरपूल आणि लंडनला जाऊन नौकानयनाचं शिक्षण घेतलं. विशीतच गावाकडे परतून शाळा चालवायला घेतली. तिथे मुलं बाराखडी गिरवायची आणि दाढीमिशावाले खलाशी तिच्याकडून तारे बघून जहाज हाकायचं गणित शिकायचे. १८६५ मध्ये ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय आयस्टेदवॉडमध्ये, म्हणजे त्यांच्या साहित्य-संगीताच्या स्पर्धा-मेळाव्यात, लग्नाच्या अंगठीवरच्या तिच्या कवितेला बक्षीस मिळालं. हरलेल्यांत इसलविन आणि केरियॉग हे त्या काळचे नामवंत कवी होते. अंगठी म्हणजे सौख्याचं प्रतीक वगैरे काही नाही. चार विवाहितांच्या चार तऱ्हा, आणि त्या सगळ्या काही सुखाच्या नाहीत. पुढे ती गावोगाव व्याख्यानं देत फिरली, अमेरिकेतल्या वेल्श वस्त्यांपर्यंत गेली. बाईने चॅपेलात, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांच्या प्रार्थनाघरात, उभं राहून उपदेश करणं अनेक पाळकांना खपत नव्हतं, तरी तिने उपदेश केला. १८७९ पासून दहा वर्षं बायकांसाठीचं मासिक चालवलं. १९०१ मध्ये दक्षिण वेल्समधल्या बायकांची दारूबंदी संघटना उभी केली. लग्न केलं नाही, आयुष्याचा मोठा भाग जेन थॉमस या सखीसोबत काढला. १९१६ मध्ये गेली. गावात तिचा पुतळा बसला तो २०२३ मध्ये.

आता हिला कुठल्या कप्प्यात घालाल?

असं होण्याचं कारण चॅपेल. एकोणिसाव्या शतकात जमीनदार इंग्रजाळलेले, सरकारी चर्च त्यांच्या बाजूचं, कोर्टकचेरीची भाषा इंग्रजी. शेतकऱ्या-खाणकामगाराचं स्वतःचं असं एकच ठिकाण होतं, ते वर्गणी काढून बांधलेलं चॅपेल. रविवारी तिथे उपदेश, त्याच इमारतीत मोठ्यांचीही रविवारची शाळा, मधल्या वारी गाण्याचा सराव, हिवाळ्यात वाचन-पाठांतराच्या स्पर्धा. ज्याला चार शब्द जुळवता येत तो कवी, गळा असेल तो गवई, बोलता येत असेल तो उपदेशक. तिन्ही येत असलं तरी सकाळी गाई पिळाव्या लागतच.

नावांचा घोळ. वेल्श माणसाला मुळात आडनाव नव्हतं. आपल्या बापाचं नाव मागे लावायचं, ‘अमक्याचा मुलगा तमका’. सोळाव्या शतकात इंग्लंडचा कायदा लागू झाल्यावर कागदोपत्री ठरीव आडनाव लागायला लागलं, आणि बापाचंच नाव गोठून बसलं. जॉनचा तो जोन्स, इव्हानचा तो इव्हान्स. बापांची नावं मोजकी, म्हणून आडनावंही मोजकी. मग लोकांनी आपली सोय केली. माणूस ओळखायचा तो धंद्यावरून किंवा घरावरून, आणि कवी असेल तर टोपणनावावरून. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज म्हणत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. फरक एवढाच की तिकडचं टोपणनाव बहुतेक वेळा एखाद्या गावाचं, डोंगराचं, ओढ्याचं असतं.

यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे. एका कोशासाठी मी जॉन जोन्स यांची नोंद केली. थोर उपदेशक, वर छान कविता, शिवाय वास्तुरचनाकार! मनात म्हटलं, केवढा अष्टपैलू माणूस. छपाईच्या आधी एका वयस्कर संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘ही दोन माणसं आहेत.’ टालसार्नचे जॉन जोन्स (१७९६–१८५७) हे उपदेशक. टालहायआर्न नावाने लिहिणारे जॉन जोन्स (१८१०–१८६९) हे कवी, आणि ते पोटासाठी रॉथ्सचाइल्ड घराण्याच्या मेंटमोर प्रासादाच्या बांधकामावर देखरेख करत. पहिल्याची ओळख कर्मभूमीवरून, दुसऱ्याची जन्मगावावरून, आणि मी दोघांना एका आडनावात कोंबलं होतं. त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली : आधी घर शोधायचं. घर, वाडी, चॅपेल, मग माणूस. घराचं नाव हाती लागलं की तारखा आपोआप रांगेत येतात.

(उच्चारांबद्दल विचारलंत म्हणून जाता जाता. वेल्श लिहिताना देवनागरी इंग्रजीपेक्षा जास्त कामाची आहे. एक ‘एफ’ आला तर ‘व’, दोन आले तर ‘फ’. जोड ‘डी’चा उच्चार ‘द’च्या जवळचा. गावाच्या नावाआधीचं ‘ल्लान’ मात्र आपल्याकडे नाही : जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. आणि शाळेत ज्या ‘ङ’चं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं, तो तिकडे शब्दाच्या सुरुवातीला येतो. ॲन ग्रिफिथ्सचं गाव ल्लानविहांगेल-अंग-ङ्विनवा. लिहून बघा, बरं वाटतं.)

या ॲनवर जरा थांबते, कारण तुमच्या यादीत ती आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही जे वाचलंय त्यातलं बरंच नंतरचं आहे.

ॲन थॉमस, जन्म १७७६, माँटगोमेरीशायरमधल्या डॉलवार-वाख या शेतघरात. वडील कुळाने जमीन कसणारे, चर्चच्या कारभारात मान असलेले, स्वतः पदं जुळवणारे. त्या मुलखात नाताळच्या दिवसांत पहाटे, अंधार असतानाच, ‘प्लगाइन’ नावाची गाण्याची उपासना होते. घराघरातून आलेले तीन-चार जणांचे मेळ नाव न पुकारता पुढे येतात, सुरासाठी स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवतात, एक जुनं गीत म्हणतात आणि परत जागेवर जाऊन बसतात. एकदा म्हटलेलं गीत त्या पहाटे दुसऱ्याने म्हणायचं नाही. आपल्या काकड आरतीच्या वेळेची थंडी आठवा, म्हणजे वातावरण लक्षात येईल. ही चाल तिथे अजून चालू आहे. ॲनच्या कानावर लहानपणापासून हे होतं.

आई गेली तेव्हा ॲन अठराचीही नव्हती. घरचा चुलखंड तिच्याकडे आला. नाचाची तिला फार हौस होती म्हणतात. १७९६ च्या ईस्टरला ल्लानवल्लिनच्या जत्रेत एका फिरत्या उपदेशकाचं बोलणं तिने ऐकलं, आणि पुढच्या वर्षभरात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत गेली. महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी बेरविनचे डोंगर ओलांडून वीसएक मैल बाला गावी चालत जायची, तिथे थॉमस चार्ल्स हे पाळक होते. वाटेत चालताना ओळी सुचत. १८०४ च्या ऑक्टोबरात थॉमस ग्रिफिथ्सशी लग्न झालं. पुढच्या जुलैत मुलगी झाली आणि दोन आठवड्यांत गेली. ऑगस्टमध्ये ॲनही गेली. वय एकोणतीस.

तिच्या हाताने लिहिलेलं असं आज जवळजवळ काहीच नाही. एक पत्र, आणि त्याच्या शेवटी एक कडवं. बास. बाकीची सत्तरेक कडवी आपल्यापर्यंत आली ती रूथ इव्हान्समुळे. रूथ डॉलवार-वाखला कामाला होती. तिला लिहिता येत नव्हतं. ॲन घरी आली की कडवं रूथला म्हणून दाखवायची आणि रूथ ते पाठ करून ठेवायची. रूथचं लग्न जॉन ह्यूज यांच्याशी झालं. हे मूळचे विणकर, पुढे पाँटरॉबर्टला शिक्षक आणि उपदेशक झाले. ॲन गेल्यावर रूथने आठवून सांगितलं, नवऱ्याने वहीत उतरवलं. १८०६ मध्ये काही गीतं छापली गेली, तीही हात फिरवून, कडवी इकडची तिकडे करून. जॉन ह्यूज यांनी ॲनची आठवण छापली ती १८४६ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षं उलटल्यावर. तुम्ही जे वाचलंत ते या आठवणीवर पुढच्या लोकांनी चढवलेलं आहे. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या सोपानदेवांनी टिपून ठेवल्या हे आपल्याला ठाऊक आहे. इथे उलट आहे. मालकिणीला लिहिता येत होतं, तिने लिहिलं नाही, आणि लिहिता न येणाऱ्या मोलकरणीने ठेवा जपला.

म्हणून ॲनवर लिहाल तेव्हा ‘तिने वहीत लिहिलं’ असं वाक्य चुकूनही नको. आणि ती रानातली अडाणी पोरही नव्हती. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स नावाच्या ल्लानदाउरॉरच्या धर्मगुरूने फिरत्या शाळा काढल्या होत्या. हिवाळ्यात शेतीची कामं मंदावली की तीन महिने एका गावात शाळा भरवायची, वाचायला शिकवायचं, की पुढच्या गावी. १७६१ मध्ये ते वारले तोवर अशा तीन हजारांवर शाळा भरून गेल्या होत्या, आणि त्यात दीड लाखांवर लोक वाचायला शिकले असा त्यांचा हिशेब होता. त्या वेळी अख्ख्या वेल्सची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. शेतकऱ्यांच्या पोरांनी बायबलमधल्या उपमा सहज पेलाव्यात, यामागे ही तयारी होती.

उपदेशकांच्या बाबतीत तुमची तक्रार खरी आहे. तिकडे ‘कोवियान्ट’ नावाचा चरित्रप्रकार होता. पाळक वारला की शिष्याने त्याचं जाडजूड चरित्र लिहायचं : गरीब घर, पापी तारुण्य, साक्षात्कार, कष्ट, थोर उपदेश, शांत मरण, शेवटी निवडक प्रवचनं. एकोणिसाव्या शतकात अशी शेकड्याने निघाली. महीपतीची संतचरित्रं जशी वाचतो तशी ती वाचावीत. त्यात इतिहास आहे, पण तो चमत्कारात सापडत नाही, हिशेबात सापडतो. पैसे, घोडा, कर्ज, आजारपण यांच्या ओळी आल्या की थांबा. तिथे लेखकाला खोटं बोलायचं कारण नसतं.

ख्रिसमस इव्हान्स (१७६६–१८३८) घ्या. नाताळच्या दिवशी जन्म म्हणून हे नाव. बाप मोची, लवकर गेला. पोरगा मामाकडे राबला आणि सतरा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता. एक डोळा नव्हता. तो कसा गेला? चरित्रं सांगतात, धर्माला लागला म्हणून जुन्या सोबत्यांनी रात्री गाठून मारलं. साधं सांगणं असं की तरुणपणी मारामारीत गेला. मी नोंदीत ‘मारामारीत’ एवढंच लिहिते. कारण छापायचं तर ‘असं शिष्य सांगतात’ म्हणून छापायचं. मला त्यांच्यात जास्त रस वाटतो तो आकड्यात : ॲंग्लसी बेटावर वीसएक मंडळ्यांची देखभाल, पगार वर्षाला सतरा पौंड, आणि बांधलेल्या चॅपेलांचं कर्ज फेडायला दरसाल दक्षिण वेल्सची भटकंती. म्हातारपणी अशाच वर्गणीच्या फेरीत स्वान्झीला मरण आलं. अखेरच्या क्षणी ते आपल्या गाडीच्या घोड्याला ‘चल पुढे’ म्हणाले, असं सांगतात. खरं असो नसो, ज्याचं आयुष्य गाडीत गेलं त्याच्याबद्दल लोकांना ते पटलं.

ते बोलायचे कसे, हे लिहिल्याशिवाय मात्र चरित्र पुरं होत नाही. वेल्श उपदेशाला एक शब्द आहे, ‘हुइल’. मूळ अर्थ शीड. साधं बोलता बोलता उपदेशकाचा सूर चढतो, वाक्यं लयीत येतात, बोलणं आणि गाणं यातली रेघ पुसली जाते, शिडात वारा भरल्यासारखी. चांगल्या कीर्तनकाराचा उत्तररंग ऐकलेल्याला हे अधिक सांगायला नको.

विल्यम विल्यम्स (१७१७–१७९१) यांना तिकडे कोणी विल्यम्स म्हणत नाही, पांटकेलिन म्हणतात. ते त्यांच्या शेतघराचं नाव. शेकड्यांनी गीतं लिहिली, एक तर जगभर गायलं जातं आणि रग्बीच्या मैदानावरही. पण मला आवडतात ते प्रवासात खोगिराला चहाच्या पुड्या बांधून विकणारे पांटकेलिन. उपदेशही चालू, चहाही खपतोय. यात दांभिकपणा शोधू नका. सरकारी चर्चने त्यांना पूर्ण दीक्षा नाकारली होती आणि घर शेतीवर चालत होतं.

गायकांबद्दल थोडक्यात, कारण कागदावर गाणं पकडता येत नाही. ‘कॅराडॉग’ म्हणजे ग्रिफिथ रीस जोन्स (१८३४–१८९७), ॲबरडेअरजवळचे लोहार. १८७२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्पर्धेत त्यांनी साडेचारशेहून जास्त गायकांचा मेळ उभा केला, बहुतेक सगळे खाणकामगार आणि त्यांच्या घरच्या बायका. ‘इंग्रजांना हरवलं’ असं सर्रास लिहिलं जातं. त्या वर्षी समोर स्पर्धकच नव्हता! खरी लढत पुढच्या वर्षी झाली आणि तीही त्यांनी जिंकली. दोन वर्षांची एक गोष्ट करणं ही लोकांची नेहमीची खोड, तुम्ही मात्र करू नका. आणखी एक, जे चॅपेलच्या पुस्तकांत दबक्या आवाजात येतं : या कॅराडॉगने पुढे पैसा कमावला तो दारूच्या धंद्यात. क्रानॉगवेनशेजारी त्याला छापाल तर मजा येईल.

दुसरा गायक म्हणून मी रॉबर्ट रॉबर्ट्स (१८७०–१९५१) सुचवेन. बालाजवळचा शेतकरी आणि चक्कीवाला, म्हणून ओळख ‘चक्कीच्या घरचा बॉब’, बॉब टायर-वेलिन. आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांत जुनी गाणी म्हटली. सत्तरी गाठल्यावर बीबीसीच्या बँगॉर केंद्रावरच्या गंमतगाण्यांच्या कार्यक्रमात गायला लागला आणि देशभर नाव झालं. त्याच्या गाण्यात रियाज शोधू नका, गोठ्यातून येऊन टोपी न काढता म्हटल्यासारखं ते आहे. तंतुवाद्याचं घ्यायचं तर तीन ओळी तारांची वेल्श हार्प जवळपास एकटीने जिवंत ठेवणाऱ्या नॅन्सी रिचर्ड्स (१८८८–१९७९). मक्याच्या पोह्यांच्या केलॉग खोक्यावर कोंबडा आला तो यांच्यामुळे, कारण वेल्शमध्ये कोंबड्याला ‘केलियॉग’ म्हणतात, ही गोष्ट तुम्हाला दहा ठिकाणी सापडेल. गोष्ट म्हणून सांगा, पुरावा म्हणून नको.

हेद विन तुमच्या यादीत असणारच, त्याच्याशिवाय कोणी वेल्स लिहीत नाही. एलिस इव्हान्स, जन्म १८८७, घर ट्राउसवनिदजवळचं अर-अस्गुर्न. थोरला मुलगा, मेंढ्या राखायचा. आपल्याकडे ‘अशिक्षित धनगर कवी’ म्हणून त्याचं नाव फिरतं, ते बरोबर नाही. शाळा कमी झाली होती, पण गावोगावच्या आयस्टेदवॉडांत त्याने बक्षिसाच्या खुर्च्या जिंकल्या होत्या आणि १९१६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा आला होता. (आपल्याकडे खुर्ची म्हटलं की राजकारण आठवतं. तिकडे जुन्या वृत्तांत सर्वांत चांगली दीर्घकविता करणाऱ्याला लाकडी कोरीव खुर्ची देतात, आणि ती घरी न्यायची असते.) धाकट्या भावाला सैन्यात जावं लागू नये म्हणून तो गेला. १९१७ च्या वसंतात नांगरटीसाठी काही आठवडे सुट्टीवर सोडलं. कविता पुरी झाली ती फ्रान्समध्ये, तिथूनच टपालाने पाठवली. ३१ जुलै १९१७ ला बेल्जियममध्ये पिल्केमच्या चढावर तो मारला गेला. सहा सप्टेंबरला बर्कनहेडच्या आयस्टेदवॉडमध्ये विजेत्याचं टोपणनाव पुकारलं. कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. मग सांगण्यात आलं की तो पाचएक आठवड्यांपूर्वीच गेला. खुर्चीवर काळं कापड घातलं.

इथवर सगळे लिहितात. मी पुढचं लिहिते. ती खुर्ची कोरली होती युजीन वानफ्लेटरेन या बेल्जियमहून पळून आलेल्या निर्वासित कारागिराने. ज्या देशात कवी मेला, त्याच देशच्या माणसाने त्याची खुर्ची घडवली होती. ती रेल्वेने आणि गाडीने त्याच्या आईवडिलांच्या घरी आली. लोक बघायला येऊ लागले. आईने दार कोणाला बंद ठेवलं नाही, आणि तिच्या नातवाने तिला दिलेला शब्द म्हणून २०१२ मध्ये घर राष्ट्रीय उद्यानाकडे जाईपर्यंत दार उघडं ठेवलं. पंचाण्णव वर्षं एक शेतकरी कुटुंब अनोळखी लोकांना आत घेत राहिलं. तुमच्या ‘गावगाड्यातल्या माणसां’त खरं तर हेच बसतात.

त्या कप्प्यासाठी आणखी एक नाव देते, तेही एकट्याचं नाही. क्रानॉगवेनच्याच किनाऱ्यावर अ-किल्ये नावाचं शेत आहे. जेरेमाया जोन्स नावाच्या लोहाराने १८८९ मध्ये ते घेतलं. बारा मुलं. त्यातले बरेच कवी, त्यांची मुलं कवी, जावईही कवी. गावात मरण झालं, लग्न झालं, कोणाचा बैल खड्ड्यात पडला, कोणी कंजूषपणा केला, की किल्येवाल्यांची चार ओळींची कविता तयार. हा ‘एङ्लिन’ नावाचा छंद : तीस अक्षरं, दहा-सहा-सात-सात अशी मोडलेली, चारही ओळींना एकच यमक, आणि प्रत्येक ओळीत नादाची ठरीव बांधणी, बहुधा अशी की व्यंजनांची जी माळ पहिल्या भागात येते ती दुसऱ्या भागात त्याच क्रमाने परत आली पाहिजे. ओवी सुचते तशी ही सुचत नाही, विणावी लागते. आणि हे नांगरामागे चालता चालता. अशा माणसाला तिकडे ‘बार्द ग्लाद’ म्हणतात, गावचा कवी. तो पुस्तकासाठी लिहीत नाही, थडग्यावरच्या दगडासाठी आणि शेजाऱ्याच्या वाढदिवसासाठी लिहितो.

त्याच परंपरेतले डिक जोन्स (१९३४–२००९), हेन्द्रे शेताचे. १९६६ मध्ये ‘सुगी’ या विषयावरच्या कवितेला राष्ट्रीय खुर्ची मिळाली. १९७६ मध्ये कार्डिगनला परीक्षकांनी पुन्हा त्यांचीच कविता निवडली, पण ते स्थानिक समितीत होते हे निघालं आणि खुर्ची दुसऱ्याला गेली. एवढं होऊनही म्हातारपणी ते त्याच संस्थेचे मुख्य, ‘आर्चड्रूइड’, झाले. चरित्र लिहायला मला असा माणूस आवडतो. नियम मोडला, बोलणी खाल्ली, आणि सोमवारी गाई पिळायला हजर.

शेवटचं नाव मराठी वाचकासाठी. इव्हान रॉबर्ट्स, १८७८ चा जन्म, लोहोरचा खाणकामगार, काही काळ लोहाराकडे उमेदवार. १९०४ च्या ऑक्टोबरअखेर शिक्षण अर्धं टाकून तो गावच्या मोरिया चॅपेलात परतला आणि दोन महिन्यांत धर्मजागृतीच्या लाटेने सगळा दक्षिण वेल्स पेटला. उपदेश कमी, गाणं जास्त, रात्र रात्र. खाणीतल्या घोड्यांना शिव्यांची सवय होती, कामगार शिव्या द्यायचे थांबले तर घोडे जागचे हलेनात, ही गोष्ट तेव्हाचीच. साल उलटलं आणि १९०६ मध्ये तो स्वतःच कोसळला. पुढची पंचेचाळीस वर्षं जवळपास गप्प राहिला. बहुतेक लेख १९०५ मध्येच संपतात. खरा प्रश्न त्या पंचेचाळीस वर्षांचा आहे. त्याच्या हयातीतच बातमी दोन वाटांनी भारतात आली. एक वाट खासी टेकड्यांतल्या वेल्श मिशनची, जिथे १८४१ पासून वेल्श पाळक होते आणि खासी भाषेला त्यांनी दिलेली लिपी आजही वेल्शच्या वळणाची आहे. दुसरी वाट पुण्याजवळच्या केडगावची. वेल्सची वार्ता ऐकून पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकांची प्रार्थनामंडळं बसवली, आणि १९०५ च्या जूनमध्ये तिथेही तशीच लाट उठली. हा दुवा खरा आहे, पण त्याला ताणू नका. केडगावात जे झालं त्याला दुष्काळात आणलेल्या त्या मुलींची स्वतःची पार्श्वभूमी होती.

आता साधनं. वेल्श चरित्रकोश आधी वेल्शमध्ये १९५३ ला निघाला, मग १९५९ ला इंग्रजीत, आणि आज दोन्ही भाषांत संगणकावर फुकट वाचता येतो. बऱ्याच नोंदींत जन्माचं घर किंवा गाव दिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९१९ पर्यंतच्या वेल्समधल्या वर्तमानपत्रांची अकरा लाख पानं खुली केली आहेत. शोधताना ‘जोन्स’ टाकू नका, घराचं नाव टाका. मृत्युलेख दोन वाचा, एक त्याच्या पंथाच्या पत्रातला आणि एक विरोधी पंथाच्या. वेल्श येत नसलं तरी तारखा, गावं आणि रकमा वाचता येतात. जुन्या कोशात पाळकांची नोंद हातभर आणि बायकांची बोटभर आहे, हे लक्षात ठेवा. नव्या नोंदींनी ती उणीव थोडी भरून काढली आहे.

तुमची यादी पुन्हा बघितली. त्यात ॲन ग्रिफिथ्स आहे, रूथ इव्हान्स नाही. पानं वाढवता येत नसतील तर दोन जॉन जोन्सांपैकी एकाला काढा.